अवतार आणि जुने फोटो: कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

रेघोटी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज विचारूनच टाकते. ग्राफिक्सचं एखादं सॉफ्टवेअर नीट शिकायचं आहे, पण कोणतं ते ठरत नाही.

कामं तीन आहेत. एक म्हणजे माझा स्वतःचा अवतार, नावाशेजारी दिसतं ते छोटं चित्र. फोनवरून फोटो कापून लावला तर चेहऱ्याचा नुसता डाग दिसतो. दुसरं, आमचा अकरा जणांचा वाचनगट आहे. प्रत्येकाचं एकाच पठडीतलं, हाताने काढलेलं चित्र हवंय आणि ते काम मी आनंदाने अंगावर घेतलंय. तिसरं माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं. आजोबांचा एकच फोटो उरलाय. कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा, आणि त्यावर घडी पडलेली. ती घडी नेमकी डाव्या डोळ्याखालून गालावरून ओठापर्यंत जाते. तो फोटो मला नीट करायचाय.

जो तो म्हणतो फोटोशॉप घे. पण मी आयुष्यात लेयर हा शब्द फक्त ऐकलाय. या तिन्ही कामांना मिळून एकच काही चालेल का?

निळीशाई
आधी हे सांगा: कॉम्प्युटर कोणता, रॅम किती, आणि चित्रं माऊसने काढणार की पेन टॅबलेट आहे? याशिवाय सल्ला देणं म्हणजे अंधारात तीर.

रेघोटी
विंडोजचा जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम. टॅबलेट नाही, माऊसच.

खारुताई
गिंप. दुसरा विचारच करू नका.

मी गेली कितीतरी वर्षं तेच वापरतेय. १९९५ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला प्रकल्प आहे हा. तेव्हापासून आजपर्यंत फुकट आणि मुक्त. लेयर (चित्रावर एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदांसारखे थर), मास्क, कर्व्ह्ज, लेव्हल्स, क्लोन, हील, तुम्हाला लागणारं सगळं त्यात आहे. ज्यांनी जुनी आवृत्ती पाहून नाक मुरडलं असेल त्यांनी २०२५ च्या मार्चमध्ये आलेली ३.० पाहावी. आता ब्लरसारखा फिल्टर लावला तरी तो लेयरवर वेगळा राहतो, महिनाभराने त्याचा आकडा बदलता येतो. आधी ते एकदा झालं की झालं असायचं.

आजोबांच्या फोटोसाठी तर नक्की गिंप.

शेवटचाबाक
खारुताईंचं म्हणणं खरं आहे, पण नव्या माणसाला गिंप पहिल्या दिवशी रडवतं हेही सांगायला हवं. मी रात्री दोन वाजेपर्यंत जागून एक चित्र केलं, सेव्ह केलं आणि सकाळी पाठवलं. समोरून उत्तर: उघडत नाही. पाहतो तर फाइल एक्ससीएफ! २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून गिंपमध्ये 'सेव्ह' म्हणजे फक्त त्याची स्वतःची फाइल. पीएनजी किंवा जेपीजी हवं तर 'एक्स्पोर्ट'. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर झोप मिळाली असती.

रेघोटीताई, माझं मत पेंट डॉट नेट. विंडोजबरोबर येतो तो पेंट नव्हे, हे वेगळं आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २००४ मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालं. हलकं आहे, लेयर आहेत, आणि तासाभरात हाताला बसतं. फक्त लिहिलेला मजकूर एकदा चित्रात बसला की नंतर बदलता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

खारुताई
@शेवटचाबाक, ते सेव्ह-एक्स्पोर्टचं वेगळेपण मला उलट आवडतं. जेपीजीवर सेव्ह केलं की सगळे लेयर एकमेकांत चेपले जातात. मग "घडी काढली ते बरोबर, पण गाल जरा जास्तच गुळगुळीत झाला" असं वाटलं की परतीची वाट बंद. एक्ससीएफ ठेवली की प्रत्येक लेयर जागच्या जागी.

शेवटचाबाक
मान्य. पण ते कळायला मला एक रात्र लागली. :)

छापखाना
मी रोजचा पोटापाण्याचा फोटोशॉपवाला. म्हणून थोडं सविस्तर.

फोटोशॉप १९९० च्या फेब्रुवारीत आलं, फक्त मॅकसाठी. ज्याशिवाय आज पान हलत नाही ते लेयर त्यात १९९४ च्या ३.० आवृत्तीत आले. इतक्या वर्षांची घासूनपुसून झालेली सफाई त्यात आहे आणि माझ्या कामाला, म्हणजे छपाईला, तेच लागतं. छपाईचे रंग सीएमवायके, पडद्याचे आरजीबी. गिंपचं मूळ काम अजून आरजीबीतच चालतं. उद्या पुस्तकाचं मुखपृष्ठ छापायला द्यायचं असेल तर मी फोटोशॉपच म्हणेन.

पण रेघोटी, तुमची तिन्ही कामं पडद्यावरची आहेत. २०१३ पासून फोटोशॉप वर्गणीवर गेलं. अकरा चित्रं आणि एका फोटोसाठी दरमहा वर्गणी भरत राहू नका, असंच माझं प्रामाणिक मत. शिवाय ४ जीबी रॅमवर ते रांगेल.

वाटसरू
वर्गणी कशाला, क्रॅक मिळतो की, कुलूप तोडलेली फुकट प्रत.

छापखाना
@वाटसरू, नको. मित्राच्या आग्रहाने एकदा तसंच बसवलं होतं. चौथ्या दिवशी मशीनवरच्या सगळ्या फाइलींना विचित्र शेपट्या लागल्या आणि एकही उघडेना. त्यात एका लग्नाचे मूळ फोटो होते, माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. त्या मुलीला फोन करून सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. चोरीचा मुद्दा तर आहेच, पण ते फोटो मी तिला आजही परत देऊ शकलेलो नाही.

वाटसरू
बाप रे. शब्द मागे घेतो.

अर्धविराम
वाचतेय. मलाही आईचे फोटो करायचे आहेत.

ठिपका
सगळे सॉफ्टवेअरवर बोलताय, पण अवतार बिघडतो तो सॉफ्टवेअरमुळे नाही, तो बिघडतो कापण्यात. जरा हिशेब करून दाखवतो.

फोनचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० ठिपक्यांचा. त्यातून चौरस कापला तर ३००० × ३०००. तो १०० × १०० चा केला की मूळचे ३० × ३०, म्हणजे ९०० ठिपके मिळून एक ठिपका होतो. आता तुमचा फोटो कमरेपर्यंतचा असेल आणि चेहरा रुंदीच्या सहाव्या हिश्शात असेल, तर चेहऱ्याच्या वाट्याला आले सोळा-सतरा ठिपके. चित्रकलेत शिकवतात की चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांची. म्हणजे एका डोळ्याला मिळाले तीन ठिपके. तीन ठिपक्यांत कुणाची नजर कशी दिसणार? म्हणून डाग.

तेव्हा निर्दयपणे कापा. कपाळाच्या वरचे केस थोडे गेले तरी चालतील, हनुवटीखाली जरा जागा ठेवली की झालं. बहुतेक ठिकाणी अवतार आता गोल दिसतो, त्यामुळे चौरसाचे चारही कोपरे जाणार हे धरून चाला. डोळे मध्याच्या थोडे वर ठेवा. मागची पार्श्वभूमी चेहऱ्यापेक्षा स्पष्ट गडद किंवा स्पष्ट फिकट हवी. आणि लहान करून झाल्यावर, आधी नाही, हलकंसं शार्पन करा, कारण लहान करताना कडा मऊ पडतात.

मग ४८ ठिपक्यांचा करून हाताच्या अंतरावरून पाहा. ओळखू आलात तर जमलं. हे सगळं वर सांगितलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होतं.

रेघोटी
तीन ठिपक्यांचा डोळा! आत्ता माझा फोटो उघडून मोजला. खरंच चारच भरले. इतकं साधं गणित कुणी सांगितलं नव्हतं.

पाऊलखुण
अवांतर: 'अवतार' हा आपलाच शब्द फिरून आपल्याकडे आला याची मला फार मौज वाटते. संस्कृतात 'अव' म्हणजे खाली आणि 'तृ' म्हणजे पार होणं, त्यावरून उतरणं. देव पृथ्वीवर उतरला की तो अवतार. १९८६ च्या सुमारास ल्युकासफिल्म गेम्सच्या 'हॅबिटॅट' या खेळात पडद्यावरच्या आपल्या प्रतिनिधीला हा शब्द लावला. माणूस खुर्चीत बसलेला आणि त्याचं रूप त्या जगात उतरलेलं, किती नेमका शब्द शोधला!

शेवटचाबाक
आणि आपल्याकडे पावसात भिजून दारात उभं राहिलं की आई विचारायची, "हा काय अवतार?" तोही अर्थ तितकाच नेमका.

खारुताई
हाहा. फोनवरून पहिला फोटो लावला तेव्हा माझ्या बहिणीने अगदी याच शब्दांत विचारलं होतं.

गिरवणी
अकरा चित्रांबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून मी.

फोटो दुरुस्त करणं आणि चित्र काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांना एकच हत्यार शोधत बसू नका. माऊसने काढायचं आणि अकराही एका पठडीतली हवीत, तर इंकस्केप घ्या. ते ठिपक्यांवर चालत नाही, रेषांवर चालतं. रेषेवरची गाठ धरून ओढली की वळण बदलतं, हात थरथरला तरी काही बिघडत नाही. आणि तेच चित्र ४८ ठिपक्यांचं करा की भिंतीएवढं, कडा तशीच कोरीव.

माझी पद्धत सांगते. आधी एकच कोरा चेहरा काढायचा: डोक्याचा आकार, कान, मान. मग त्याच्या अकरा प्रती. फक्त केस, भुवया, चष्मा आणि कपड्याचा रंग बदलायचा. डोळे सगळ्यांचे सारखेच, साधे ठिपके. माणूस डोळ्यांपेक्षा केसांच्या आकारावरून आणि भुवयांवरून लवकर ओळखू येतो, करून पाहा. सगळे रंग मिळून सात-आठच ठेवा, म्हणजे अकरा जण एका घरातले वाटतील.

निळीशाई
चित्रांसाठी क्रिटा? त्यात रेष सावरून घेणारा स्टॅबिलायझर आहे, ब्रशही सुंदर.

गिरवणी
@निळीशाई, क्रिटा मला जिवापाड आवडतं, पण त्याचा खरा आनंद पेनच्या दाबात आहे. दाबलं की जाड, सोडलं की बारीक. माऊसला दाब नाही, सगळी रेष एकाच जाडीची येते. पुढे टॅबलेट घेतला तर अवश्य.

काना-मात्रा
चित्राखाली नावं लिहिणार असाल तर देवनागरीचं आधी तपासा. मी एकदा फोटोशॉपमध्ये 'क्षितिज' लिहिलं. आला क, मग पाय मोडलेलं चिन्ह, मग ष, आणि दोन्ही ऱ्हस्व वेलांट्या आपापल्या अक्षरांच्या मागे जाऊन उभ्या. रात्रभर फॉन्ट बदलत बसलो. दोष फॉन्टचा नव्हताच. जोडाक्षरं जुळवणारं इंजिन वेगळं असतं आणि ते बंद होतं. प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडल्यावर सगळं सरळ झालं.

गिंप आणि इंकस्केपमध्ये हा त्रास मला आला नाही, युनिकोड फॉन्ट असला की मजकूर पहिल्यापासून नीट जुळतो.

छापखाना
काना-मात्रा, +१. आमच्याकडे अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइली येतात. तो फॉन्ट नसेल तर अख्खं पान म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग.

जुनीपेटी
आजोबांच्या फोटोसाठी थांबले होते. घरातले बरेच फोटो मी असे दुरुस्त केलेत, म्हणून सावकाश लिहिते.

फोनने फोटोचा फोटो काढू नका, स्कॅन करा. ६०० डीपीआयला ठेवा, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. ६ × ४ इंचाचा असेल तर ३६०० × २४०० ठिपके मिळतात, तुमच्या लॅपटॉपला झेपतील. जेपीजी नको, त्यात बारकावे गळतात, टिफ फाइल घ्या. आणि फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करा. जुन्या कागदावरचे पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये (म्हणजे रंगीत चित्राचा फक्त निळा भाग वेगळा काढला की) ठळक दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ विरून जातात. तो लाल चॅनल घेतला की अर्धं काम न करताच झालेलं असतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीवरून उठले होते.

घडीसाठी आणखी एक. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो, म्हणून घडीची सावली दिसते. एकदा सरळ ठेवून आणि एकदा उलटं फिरवून असे दोन स्कॅन घ्या. दुसऱ्यात सावली दुसऱ्या बाजूला पडते. दोन्ही एकमेकांवर लेयर म्हणून ठेवले की जिथे ज्याचा भाग स्वच्छ तो घेता येतो.

मग लेयरची प्रत करा आणि प्रतीवरच काम करा, मूळ खाली अस्पर्श राहू दे. गिंपमध्ये कंट्रोल दाबून गालावरचा चांगला भाग निवडायचा आणि घडीवर हीलचा छोटा ब्रश टेकवत जायचं. क्लोन जसंच्या तसं उचलून चिकटवतं. हील तिथला उजेड-सावली बघून मिसळून घेतं. म्हणून गालावर हील, पण जिथे कडा आहे तिथे, म्हणजे ओठाची रेघ किंवा कॉलर, तिथे क्लोन. कडेजवळ हील वापरलं तर ओठाचा काळा रंग गालात पसरतो. एका ओढीत काढू नका. टेकवा, उचला, नवीन जागा निवडा. दोन-तीन संध्याकाळी लागतील.

वाटसरू
हे सगळं एआयवाल्या ॲपमध्ये दहा सेकंदांत होतं ना? आता हे विनंती म्हणून विचारतोय, भांडायला नाही.

जुनीपेटी
होतं. मीही केलं होतं, आत्याच्या फोटोवर. चेहरा असा लख्ख आला की सगळे वा म्हणाले. माझे काका मात्र बराच वेळ बघून म्हणाले, "छान आहे, पण ही आक्का नाही." मग मी दोन्ही शेजारी ठेवले. तिची डावी पापणी किंचित खाली झुकलेली असायची. ॲपने ती उचलून उजवीसारखी केली होती. जे फोटोत दिसत नव्हतं ते त्याने इतर हजारो चेहऱ्यांवरून भरलं. दुरुस्ती म्हणजे जे आहे ते वाचवणं. कपड्यावरचा डाग किंवा पार्श्वभूमी ॲपला खुशाल द्या, पण डोळा, ओठ, पापणी हाताने करा.

ठिपका
जुनीपेटी, थोडा मतभेद. आजोबांच्या डाव्या डोळ्याखालचा भाग घडीने पूर्णच खाल्ला असेल, तर उजव्या डोळ्याखालचा भाग आरशासारखा उलटवून तिथे बसवतात ना? मग तेही भरणंच झालं.

जुनीपेटी
बरोबर बोललात, मी तेही करते. पण ती त्याच माणसाची त्वचा असते, त्याच क्षणाची. आणि उलटवलं की उजेडाची दिशाही उलटते, ती नंतर जुळवावी लागते. शक्यतो टाळते, नाइलाज झाला तरच.

ठिपका
हे पटलं.

निळीशाई
छोटी भर. काहीच बसवायचं नसेल तर फोटोपी पाहा, ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटोशॉपची पीएसडी फाइलसुद्धा उघडतं. आणि अवतार पीएनजीत ठेवा, जीआयएफमध्ये नको. जीआयएफला २५६ रंग, आणि ठिपका एकतर पूर्ण पारदर्शक नाहीतर पूर्ण अपारदर्शक, मधलं काही नाही, म्हणून गोल कडा करवतीसारखी दिसते.

एक सावधगिरीही. फोनच्या फोटोत कुठे काढला त्या जागेचे आकडे दडलेले असू शकतात. एक्स्पोर्ट करताना 'एक्झिफ सेव्ह करा' (एक्झिफ म्हणजे हीच दडलेली माहिती) वरची खूण काढून टाका. लहान मुलांच्या फोटोंना तर नक्की.

अर्धविराम
हे माहीतच नव्हतं. आजच तपासते.

रेघोटी
मंडळी, दहा दिवसांनी येतेय, आधी सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

एकच सॉफ्टवेअर हवं हा हट्ट सोडला. फोटोसाठी गिंप, अकरा जणांसाठी इंकस्केप. शेवटचाबाक, तुमच्यामुळे मी पहिल्याच दिवशी एक्स्पोर्ट केलं, रात्रीची झोप वाचली! गिरवणी, कोरा चेहरा काढायला तीन तास लागले आणि पुढची चार चित्रं एका दुपारी झाली. तुम्ही म्हणालात ते खरं, नुसत्या भुवया बदलल्या आणि गटातल्या एका काकांना सगळ्यांनी ओळखलं.

आजोबांचा फोटो दोनदा स्कॅन केला. लाल चॅनल पाहून मीही उठून उभी राहिले. गाल झाला. ओठाची रेघ राहिलीय, तिथे चारदा अनडू करून थांबलेय, घाई करत नाही. काम करता करता एक गोष्ट दिसली जी इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती: त्यांच्या हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक खूण आहे. मी आधी ती कागदाचा चरा समजून पुसली होती. आईला दाखवलं, ती म्हणाली खूण होती. परत आणली.

आता एक अडचण. माझा अवतार कापून पार्श्वभूमी काढून टाकली, पीएनजी केला. पांढऱ्या पानावर झकास दिसतो, पण गडद पानावर केसांभोवती पांढरी किनार दिसते. ती कशी घालवू?

ठिपका
ती जुन्या पार्श्वभूमीची किनार आहे. कडेच्या ठिपक्यांत केसांचा आणि मागच्या भिंतीचा रंग मिसळलेला असतो. मूळ फोटोवर परत जा, निवड केल्यावर सिलेक्ट मेनूत 'श्रिंक' (निवड आत घेणं) एक ठिपका, मग 'फेदर' (तिची कड मऊ करणं) एक ठिपका, आणि मग कापा. मोठ्या आकारात असतानाच हे करा, लहान केल्यावर नाही. मूळ फोटो फारच मोठा असेल तर श्रिंक दोन-तीन ठिपके लागेल.

आणि कापताना खाली तात्पुरता एक गडद लेयर ठेवा, म्हणजे किनार तिथल्या तिथे दिसेल.

रेघोटी
श्रिंक तीन लागलं, कपाळावरच्या बटांपाशी हाताने थोडं खोडलं. गेली किनार! गडद आणि पांढऱ्या, दोन्ही पानांवर पाहिलं. अवतार बदललाय, नावाशेजारी बघा. आता ओठाच्या रेघेकडे वळते.

जुनीपेटी
दिसला अवतार, डोळे ओळखू येतात. ओठाला क्लोनच वापरा, ब्रश रेघेच्या जाडीपेक्षा किंचित मोठा, आणि नमुना त्याच ओठाच्या उजव्या भागातून घ्या. अडलं तर इथेच लिहा, मी बघत असते.